बोलणं पोचत होतं

चांदवड सोडून आग्रा रोडला लागलं की राहुडचा घाट येतो, मग मालेगाव, धुळे, सेंधवा. आणि सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास महू. सैन्यात ‘सिग्नल’ला लागलेल्या माणसाला हे गाव कधी ना कधी दिसतंच. १९४६ साली तिथे सिग्नल कोअरची शाळा निघाली. आज तिला मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग म्हणतात. जवानांचं सुरुवातीचं शिक्षण जबलपूरला, पुढचं तंत्र महूला. कोअरचं बोधवाक्य दोनच शब्दांचं आहे: ‘तीव्र चौकस’.

पायदळात आहे म्हटलं की लोकांना बंदूक दिसते, तोफखाना म्हटलं की आमच्या जिल्ह्यातलं देवळाली आठवतं. सिग्नलवाला काय करतो, हे मात्र त्याच्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही. तो दुसऱ्याचं बोलणं पोचवतो. लाइनमन पाठीवर केबलचं रीळ घेऊन तार टाकतो आणि ती तुटली की रात्रीबेरात्री हाताने चाचपत तुटलेली जागा शोधतो. ऑपरेटर सेटवर बसतो, सायफरवाला मजकुराचे आकडे करतो आणि आकड्यांचा परत मजकूर. चार्जिंग इंजिन चालवणारा बॅटऱ्या जिवंत ठेवतो. मजकूर काय आहे, खरा की खोटा, शहाणा की वेडा, याच्याशी यांच्यापैकी कुणाचा काही संबंध नसतो.

ऑक्टोबर १९६२मध्ये नामका चू नावाच्या नदीकाठी एक अख्खी ब्रिगेड काही तासांत संपली. त्या कथेत तोफा आहेत, थंडी आहे, दिल्लीतल्या खुर्च्या आहेत. मी ती सिग्नलच्या बाजूने वाचत आलो आहे, कारण तशी वाचली की एक गोष्ट ठळक होते. घात झाला त्या पहाटेपर्यंत तार शाबूत होती आणि सेट बोलत होते.

बेचाळीस दिवस आधी: ८ सप्टेंबर

भूतान, तिबेट आणि तेव्हाचा नेफा (आजचा अरुणाचल) जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात थाग ला नावाची डोंगरधार आहे. ‘ला’ म्हणजे खिंड आणि ‘चू’ म्हणजे पाणी. धारेच्या दक्षिण पायथ्याला नामका चू वाहते. तिच्या काठी जूनमध्ये आसाम रायफल्सची एक छोटी चौकी बसवली होती, ढोला पोस्ट. खरं ढोला दुसरीकडेच होतं. या जागेचं नाव चे दोंग. म्हणजे नावापासूनच माहितीत घोळ.

८ सप्टेंबरला चिनी सैनिक धार उतरून चौकीसमोर आले. चौकीवरून संदेश गेला, सहाशे चिनी आलेत. प्रत्यक्षात ते साठच्या आसपास होते. मदत लवकर यावी म्हणून आकडा फुगवला, असं पुढे कळलं. मला त्या चौकीप्रमुखाचा राग येत नाही. दऱ्याखोऱ्यांपलीकडे, मूठभर माणसांनिशी बसलेल्या माणसाला साठ म्हटल्यावर वरून काय उत्तर येईल, याचा अंदाज असणारच. पण एक शून्य वाढलं आणि ते शून्य तवांग, तेजपूर, लखनौ करत दिल्लीला पोचलं.

हा मार्ग, ऑक्टोबरमध्ये झाला तसा, ध्यानात ठेवायला हवा. नदीकाठची ब्रिगेड, झिमिथांगला डिव्हिजनचं पुढचं ठाणं, त्यामागे तवांग, खाली आसामात तेजपूरला कोअर, तिकडे लखनौला ईस्टर्न कमांड (तेव्हा ती लखनौला होती), आणि शेवटी दिल्लीतलं सेना मुख्यालय. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी कानाला हेडफोन लावून बसलेलं. प्रत्येक टप्प्यावर एक साहेब, जो कागद वाचून पुढे काय पाठवायचं ते ठरवणार.

अठ्ठावीस दिवस आधी: २२ सप्टेंबर

पंतप्रधान नेहरू परदेशात होते, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला. चिन्यांना थाग लाच्या दक्षिणेतून हुसकावायचं ठरलं होतं. सेनाप्रमुख जनरल थापर यांनी लेखी हुकूम मागितला. तोंडी बोलण्यावर सैन्य हलवायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. हुकूम मिळाला आणि त्याच्यावर सही होती संरक्षण मंत्रालयातले सहसचिव ह. च. सरीन यांची. मोहिमेला नाव पडलं ‘लेगहॉर्न’. लेगहॉर्न ही कोंबड्यांची जात. सायफरवाल्यांनी हसू दाबलं असेल तर नवल नाही.

तेहतिसाव्या कोअरचे प्रमुख उमराव सिंग यांनी, माल आणि माणसं पोचल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं वर कळवलं. कळवलेलं पोचलं. उत्तर म्हणून नेफाची जबाबदारी त्यांच्याकडून काढली गेली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तेजपूरला नवं चौथं कोअर उभं राहिलं आणि त्याचे प्रमुख झाले लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल.

एका डोंगराआड

इथे थोडं थांबतो, कारण सेट आणि तार यांचा हिशोब कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

चांदवडच्या किल्ल्यामागे राजदेहेर आणि इंद्राई आहेत. तिकडे फिरायला गेलेल्या कुणालाही विचारा, एका डोंगराची आड आली की मोबाइल मुका होतो. रेडिओलहरींचं तसंच असतं. काही लहरी डोळ्याला दिसेल तेवढ्याच जागी पोचतात. काही आकाशात वर जाऊन आदळून परत येतात, त्या लांबचं बोलतात. पण त्यांच्यासाठी मोठा सेट, मोठी एरियल आणि भरपूर वीज लागते. खोल, अरुंद, झाडांनी भरलेल्या दरीत दोन्ही अवघड. नामका चूची दरी अशीच. म्हणून भरवसा टाकायचा तो दुपदरी केबलवर.

केबल मात्र कुणीतरी पाठीवर आणावी लागते. तवांगच्या पुढे गाडीरस्ता नव्हता. पुढे पायवाटा आणि तेरा हजार फुटांवरची हातुंग ला. माल विमानातून टाकत तो नदीच्या वर त्सांगधर नावाच्या चौदा हजार फुटांच्या पलीकडच्या उतारावर. तिथे पडलेल्यातला बराचसा दरीत नाहीसा होई. जे हाती लागे ते खाली वाहून न्यायचं. धान्य आधी, की गोळ्या आधी, की केबलचं रीळ? शिसं-आम्लाची बॅटरी जड असते आणि थंडीत तिची ताकद उतरते. ती परत भरायला चार्जिंग इंजिन हवं, इंजिनाला पेट्रोल हवं, पेट्रोलला हमाल हवा. सेट दुसऱ्या महायुद्धाच्या पिढीतले होते. जवानांच्या अंगावर बऱ्याच ठिकाणी सुती गणवेश आणि खांद्यावरच्या पिशवीत पन्नासेक गोळ्या. अशा जागी बॅटऱ्यांना उबेत झोपवणारा मेकॅनिक स्वतः कुडकुडतच असणार, हे सांगायला पुस्तक लागत नाही.

केबल पुरत नाही तेव्हा लाइनमन ती जवळच्या वाटेने टाकतो. जवळची वाट नदीकाठाने जात होती, आणि पलीकडच्या काठावर चिनी होते.

दहा दिवस आधी: १० ऑक्टोबर

कौल स्वतः नदीवर आले होते. ते पायी आले, दमले, आणि आल्यावर लिहीत राहिले. त्यांचे लांबलचक संदेश लखनौला वळसा घालून थेट दिल्लीला जात. ब्रिगेडच्या सायफरवाल्यांसाठी असा एक संदेश म्हणजे तासन्‌तासांचं काम: शब्द न् शब्द आकड्यात, मग तो सेटवर, मग ‘परत सांगा’. तेवढा वेळ तोच सेट बाकी कुणाला मिळत नाही. नदीकाठी पाठवलेल्या सात ब्रिगेडला दारूगोळा हवाय की पांघरुणं, हे सांगायची जागा तीच आणि वेळही तीच.

त्या सकाळी नदीपलीकडे त्सेंग जोंगला पोचलेल्या ९ पंजाबच्या तुकडीवर चिन्यांनी हल्ला केला. मेजर चौधरींच्या माणसांनी पहिला हल्ला परतवला आणि मागून मशीनगनचा आधार मागितला. ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी यांनी तो नाकारला. सगळी ब्रिगेड त्यात खेचली जाईल आणि मग सावरता येणार नाही, असा त्यांचा हिशोब होता. मुंबईत शिकलेला हा मराठी आडनावाचा अधिकारी सात ब्रिगेडचा प्रमुख होता. ‘नाही’ म्हणायलाही तार लागते, आणि ऐकून घेणाऱ्या माणसाच्या कानाशी ती किती जड असते, हे मला कायम बोचतं.

कौलना त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं की चिनी नुसती धमकी देत नाहीत. ते दिल्लीला गेले, बोलले. तरी ब्रिगेडला नदीवरच राहायचा हुकूम झाला. थंडी वाढत होती. दोन दिवसांनी, १२ तारखेला, श्रीलंकेला निघालेल्या नेहरूंनी पालम विमानतळावर पत्रकारांना सांगितलं की आपली भूमी मोकळी करायचं सैन्याला सांगितलं आहे. तारीख नाही, वेळ नाही, पण हे वाक्य जगभर गेलं. कोणत्याही सायफरशिवाय, उघड्या भाषेत.

अडीच दिवस आधी: १७ ऑक्टोबर

तेजपूरला मेनन, थापर, ईस्टर्न कमांडचे सेन आणि कौल यांची बैठक झाली. पश्चिमेकडचं त्सांगले हे ठिकाणही धरायचं ठरलं. म्हणजे ब्रिगेड आणखी ताणली जाणार, आणि तारही. त्याच दिवशी कौल आजारी पडले. १८ तारखेला विमानाने दिल्लीला गेले आणि घरच्या अंथरुणातून कोअर चालवू लागले. त्यांच्या जागी लगेच कुणी नेमलं गेलं नाही.

हे एकदा नकाशावर मांडून बघावं. नदीकाठचा जवान, आणि त्याच्या लढाईचा मुख्य सूत्रधार दिल्लीतल्या एका बंगल्यात पडून. मध्ये दीड-दोन हजार किलोमीटर, आणि त्यातले शेवटचे काही किलोमीटर जमिनीवर पडलेल्या एका दुपदरी तारेचे.

चोवीस तास आधी: १९ ऑक्टोबर, सकाळ

कोजागिरी होऊन आठवडाही उलटला नव्हता. दिवाळी पुढच्या आठवड्यात.

पलीकडे चिन्यांनी लपणं सोडलं होतं. एका ठिकाणी दोन हजारांच्या आसपास माणसं जमलेली दिसली. वाटांवर खुणा होत होत्या. रात्री हलायचं असलं की वाट आधी दिवसा आखतात. हे शिपायाला कळतं आणि लाइनमनला तर जास्तच, कारण त्याचा सगळा जन्म अंधारात वाट न चुकण्यात जातो.

हे सगळं ब्रिगेडच्या ठाण्यावर, रोंग लाला, कळवलं गेलं. तिथून झिमिथांगला. बातम्यांमध्ये खाडाखोड नव्हती, अंदाज नव्हता. ८ सप्टेंबरला आकडा फुगला होता. या वेळी खरा आकडा गेला आणि त्याला किंमत मिळाली नाही.

याच दिवसांत लेफ्टनंट कर्नल के. के. तिवारी पुढे आले होते. चौथ्या डिव्हिजनच्या सिग्नलचे प्रमुख. आपली तार, आपले सेट, आपली माणसं स्वतः बघायला. सिग्नलचा अधिकारी पुढच्या मोर्चात येतो तेव्हा त्याला रणनीती बघायची नसते. कुठे केबल दगडावर घासते, कुठली बॅटरी दम तोडते, कोण दोन रात्री झोपलेलं नाही, हे बघायचं असतं. तिवारी १/९ गोरखा रायफल्सच्या भागात मुक्कामाला राहिले.

अकरा तास आधी: १९ ऑक्टोबर, संध्याकाळ

दळवींनी डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल निरंजन प्रसाद यांच्याशी फोनवर बोलणं केलं. त्सांगलेवरची माणसं मागे घेऊ द्या, ब्रिगेडला गोळा होऊ द्या. डोळ्यांसमोर माणसं मारली जाताना नुसतं बघत बसण्यापेक्षा आपण पद सोडू, इथपर्यंत ते बोलले, असं त्यांनी पुढे ‘हिमालयन ब्लंडर’मध्ये लिहिलं. पुस्तक १९६९ सालचं. प्रसाद यांना वरून हुकूम होते. त्यांच्याही हातात फार काही नव्हतं.

या संभाषणाची मला सतत आठवण येते. त्यात लाइन कुठेही खरखरली, तुटली, असं कुणी लिहिलेलं नाही. एका माणसाचा आवाज दुसऱ्याच्या कानात पूर्ण, शब्दानिशी उतरला. ज्या लाइनमनने ती केबल टाकली होती, त्याचं काम त्या संध्याकाळी चोख होतं.

रात्र

चिन्यांच्या बाजूला शेकोट्या पेटल्या. लपायचं काही नसल्यासारख्या. नदीचं पाणी पावसाळ्यानंतर ओसरलं होतं, काही जागी चालून पार करता येईल इतकं. अंधारात चिनी तुकड्या मधल्या रिकाम्या जागांतून नदी ओलांडून वर चढल्या, आपल्या मोर्चांच्या बाजूला आणि मागे. आपले मोर्चे नदीकडे तोंड करून होते. मागे वाट होती, वाटेवर तार होती.

अर्धा चंद्र उशिरा वर आला.

अशा रात्री एक्स्चेंजवर बसलेला माणूस काय करतो? ठरलेल्या वेळी प्रत्येक ठाण्याला हाक देतो. उत्तर आलं की नोंदवहीत वेळ टाकतो. बस, एवढंच. नोंदवहीत ‘संपर्क ठीक’ लिहिलेलं असतं तोवर जग ठीक असतं.

२० ऑक्टोबर, पहाटे ५.१४

शनिवार. चांदवडला या वेळी अजून काळोख असतो, पण तिकडे पूर्वेला घड्याळ तेच आणि सूर्य लवकर, सव्वापाचला फटफटतं.

दोन व्हेरी लाइट, इशाऱ्याच्या, आकाशात गेल्या. लगेच थाग लाच्या उतारावरून तोफा आणि मॉर्टर सुरू झाल्या. दीडशेच्या आसपास नळ्या होत्या असा अंदाज दिला जातो. मारा मुख्यतः मधल्या भागावर होता, २ राजपूत आणि १/९ गोरखांवर.

जमिनीवर टाकलेल्या केबलला तोफगोळा लागायची गरज नसते, जवळ पडला तरी पुरतं. त्यातून वाटेवर चिनी आलेच होते. ब्रिगेडच्या ठाण्यावरून बटालियनांकडे जाणारे फोन एकामागून एक मुके झाले. लाइन तुटली की पहिला नियम एकच: लाइनमनची जोडी तार हातात धरून बाहेर पडते आणि तुटलेलं टोक सापडेपर्यंत चालते. त्या पहाटे नदीच्या वाटेवर तार धरून चालणं म्हणजे काय, याचं वर्णन करायला मी तिथे नव्हतो आणि जे होते त्यातले थोडेच परत आले.

आपल्या बाजूने उत्तराला तोफा जवळजवळ नव्हत्या. त्सांगधरवर छत्रीने टाकलेल्या दोन होत्या. तोफ कुठे मारायची हे पुढचा निरीक्षक सेटवरून सांगतो. देवळालीत शिकवतात ते हेच. सेट गप्प झाला की तोफेला डोळे उरत नाहीत.

सकाळी सहा ते नऊ

तोफांचा मारा थांबला आणि पायदळ आलं. समोरून कमी, बाजूने आणि मागून जास्त.

२ राजपूतची त्या दिवशीची हजेरी ५१३ होती. २८२ मारले गेले. ८१ जखमी होऊन आणि ९० तसेच पकडले गेले. परत आले ते साठ, आणि त्यातलेही बरेचसे मागच्या कामाला असलेले. मेजर बी. के. पंत यांच्या कंपनीने तीन हल्ले झेलले. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल रिख जखमी अवस्थेत कैद झाले. गोरखांचे लेफ्टनंट कर्नल अहलुवालियाही कैद झाले.

गोरखांच्या भागातल्या तिवारींची सकाळ बाकीच्यांपेक्षा वेगळी म्हणायची. ज्याच्या खात्यात डिव्हिजनचा प्रत्येक सेट होता त्या माणसाला त्या क्षणी कुणाशीही बोलता येत नव्हतं. थोड्या वेळाने चिनी मोर्चापर्यंत आले आणि तेही कैद झाले.

आठच्या सुमारास दळवींनी प्रसाद यांची परवानगी घेऊन रोंग ला सोडलं. त्सांगधरला जाऊन उरलेल्यांना गोळा करावं असा बेत. ठाणं सोडताना सेट बंद करायचा, सायफरचे कागद जाळायचे, हे पाठ असतं. इथून पुढे सात ब्रिगेड नावाचं केंद्र हवेत उरलं नाही. कुणी हाक मारली असती तरी त्या नावाने ‘ओव्हर’ म्हणणारं कुणी नव्हतं. नऊपर्यंत नदीवरची लढाई आटोपली होती.

सकाळ, झिमिथांग

आणि आता उलटी गोष्ट झाली. सहा आठवडे दिवसरात्र बोलणाऱ्या नदीने बोलणं बंद केल्यावर मागे खरी घाई सुरू झाली. पुढे काय झालं ते कळावं, संपर्क परत जोडावा म्हणून सिग्नलचे मेजर राम सिंग एका लहान हेलिकॉप्टरमधून त्सांगधरला निघाले. चालक होते स्क्वाड्रन लीडर विनोद सेहगल. ते उतरले तेव्हा उतार आधीच चिन्यांच्या हातात होता. दोघेही मारले गेले.

त्यांच्याकडून काहीच उत्तर येईना म्हणून दुसरं हेलिकॉप्टर शोधायला गेलं. स्क्वाड्रन लीडर विल्यम्स यांना वरून पहिलं हेलिकॉप्टर जमिनीवर दिसलं आणि खालून गोळीबार आला. ते कसेबसे दूर जाऊन उतरले आणि पायी चालत परत आले. त्सांगधर गेलं ही बातमी सेटवरून नाही, एका माणसाच्या पायांवरून मागे आली.

राम सिंग यांच्याबद्दल कुठेही फार लिहिलेलं सापडत नाही. डिव्हिजनच्या सिग्नल रेजिमेंटचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, तिवारींचे सहकारी. वरिष्ठ पुढे अडकला, लाइन गेली, म्हणून दुसरा निघाला. लाइनमनच्या जोडीचा तो जुना नियमच, फक्त पायवाटेऐवजी हवेतून.

२२ ऑक्टोबर, सकाळी ९.२२

दळवी मूठभर माणसांसह दोन दिवस डोंगरात फिरत होते. चालताना ज्या ठिकाणी पोचायचं ते ठिकाण आधीच चिन्यांचं झालेलं असे. सोबत सेट नव्हता, मागे कुणाला ते जिवंत असल्याचंही ठाऊक नव्हतं. सकाळी ९ वाजून २२ मिनिटांनी ते एका चिनी तुकडीच्या हाती पडले. मिनिटासकट वेळ त्यांनी लिहून ठेवली आहे. शिपाई गडी, नोंदवही नसली तरी नोंद सुटत नाही.

त्याच दिवशी नेहरू आकाशवाणीवर देशाशी बोलले. चांदवडसारख्या गावांना नामका चू हा शब्द बहुधा त्यानंतरच्या दिवसांत, पेपरातून, कळला असेल. तवांग २५ तारखेला गेलं.

नंतर

सात ब्रिगेडच्या त्या भागात ४९३ जण मारले गेले, असा आकडा दिला जातो. ३१ ऑक्टोबरला मेनन संरक्षण खात्यातून बाजूला झाले, आणि २१ नोव्हेंबरला, म्हणजे चिन्यांनी एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे आपण महाराष्ट्रात अजून मोठ्या अभिमानाने म्हणतो. सह्याद्री पोचला तेव्हा हिमालयावरच्या तोफा थंडावत होत्या, हे म्हणत नाही. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी केली. तो अहवाल सरकारने अजून प्रसिद्ध केलेला नाही. २०१४मध्ये त्यातला काही भाग बाहेर फुटला. कागद आहे, मजकूर आहे, पण पुढे पाठवायचा हुकूम नाही. सिग्नल सेंटरमध्ये असा कागद पडून राहिला असता तर तिथल्या हवालदाराची नोकरी गेली असती.

दळवी आणि इतर अधिकारी मे १९६३मध्ये सुटले. तिवारींनी जवळपास सात महिने तिबेटमधल्या कैदेत काढले.

डिसेंबर १९७१मध्ये बांगलादेशची लढाई झाली तेव्हा ईस्टर्न कमांडचं मुख्यालय कलकत्त्याला, फोर्ट विल्यममध्ये, आलेलं होतं. तिथून तीन बाजूंनी ढाक्याकडे निघालेल्या फौजांशी रोज बोलत राहायचं होतं, नद्या ओलांडून, केबल वाहून नेत, सेट बदलत. कमांडच्या सगळ्या तारा आणि सेट यांची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्या मुख्य सिग्नल अधिकाऱ्याचं नाव के. के. तिवारी.